गोल्फपटूच्या कारकिर्दीतील चढउतारांवर लेख कसा लिहावा: किम इन-क्युंगचे उदाहरण

गोव्यातील मराठी वाचक क्रीडापान उघडतो ते बहुधा फुटबॉलसाठी, आणि धेंपो किंवा चर्चिल ब्रदर्सचा हंगाम कसा गेला हे त्याला गुणतक्त्यावर नजर टाकताच उमगते. गोल्फमध्ये अशी सोय नाही. एका स्पर्धेत शंभराहून अधिक खेळाडू उतरतात आणि जिंकते एकच, त्यामुळे जगातील अव्वल खेळाडूसुद्धा वर्षातील बहुतेक आठवडे न जिंकताच घरी परतते. महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी, ग्रंथालयातील व्याख्यानासाठी किंवा दैनिकाच्या रविवार पुरवणीसाठी एखाद्या व्यावसायिक महिला गोल्फपटूच्या कारकिर्दीवर लिहायला बसणाऱ्याने ही गोष्ट आधी पक्की समजून घ्यावी, कारण चढ कोणता आणि उतार कोणता हे त्यावरच ठरते. येथे उदाहरणासाठी दक्षिण कोरियाची किम इन-क्युंग घेतली आहे. एका चुकलेल्या फटक्यासाठी ती जगभर ओळखली गेली, आणि तिच्याविषयीचे लेख फसतात तेही त्या फटक्यापाशीच.

पहिले काम कोष्टकाचे आहे. एका मोठ्या कागदावर वर्षे उभी लिहावीत आणि प्रत्येक वर्षापुढे चार रकाने आखावेत: एलपीजीए या अमेरिकास्थित मुख्य मालिकेतील विजेतेपदे, तेथील उपविजेतेपदे व प्लेऑफमधील (म्हणजे बरोबरी झाल्यावर निकालासाठी खेळल्या जाणाऱ्या जादा होलवरील) पराभव, मेजर स्पर्धांतील (म्हणजे वर्षातील सर्वांत प्रतिष्ठेच्या मोजक्या स्पर्धांतील) कामगिरी आणि इतर मालिकांतील विजय. किम 2007 मध्ये एलपीजीएत आली. केवळ पहिला रकाना भरला तर 2008 मध्ये लाँग्ज ड्रग्ज चॅलेंज, 2009 मध्ये स्टेट फार्म क्लासिक आणि 2010 मध्ये लोरेना ओचोआ इन्व्हिटेशनल अशी तीन विजेतेपदे दिसतात, त्यानंतर 2016 च्या ऑक्टोबरपर्यंत रकाना कोरा राहतो आणि 2017 मध्ये एकाच वर्षात आणखी तीन विजेतेपदे येतात. हे पाहून घाईत असलेला लेखक ‘सहा वर्षांचा वनवास’ असे उपशीर्षक देऊन मोकळा होतो.

दुसरा रकाना भरल्यावर चित्र बदलते. 2012 मध्ये क्राफ्ट नाबिस्को चॅम्पियनशिप, 2013 मध्ये किया क्लासिक आणि 2014 मध्ये पोर्टलंड क्लासिक, अशा तीन वर्षांत तीन वेळा ती प्लेऑफमध्ये हरली. 2013 च्याच अमेरिकन महिला खुल्या स्पर्धेत ती दुसरी आली. चौथ्या रकान्यात 2014 मधील युरोपियन मास्टर्सचे विजेतेपद बसते, जे युरोपातील मालिकेचे असल्यामुळे एलपीजीएच्या यादीत येत नाही. ज्या खेळाडूला प्लेऑफपर्यंत पोहोचता येते तिचा खेळ बुडालेला नसतो, तो विजेतीच्या खेळाइतकाच वरच्या पातळीचा असतो. म्हणून या काळाला उतार म्हणायचेच असेल, तर तो विजेतेपदांचा उतार होता असे स्पष्ट लिहावे. माझ्या मते या कारकिर्दीतील खरा लिहिण्याजोगा भाग हाच आहे, आणि लेखाची निम्मी जागा त्यालाच द्यावी.

नियमांचा परिच्छेद छोटा ठेवावा. मोबोर किंवा काणकोणच्या राजबागेकडील हॉटेलांची हिरवळ रस्त्यावरून पाहिलेल्या वाचकाला इतके पुरते: मैदानावर 18 होल असतात, मोठी स्पर्धा बहुधा चार दिवसांची म्हणजे 72 होलची असते, प्रत्येक होलसाठी अपेक्षित फटक्यांची संख्या ठरलेली असते व तिला पार म्हणतात, एक फटका कमी लागला तर बर्डी आणि एक जास्त लागला तर बोगी. पहिल्या दोन दिवसांनंतर मागे पडलेले खेळाडू वगळले जातात, त्याला कट म्हणतात. चार दिवसांनंतर बरोबरी झाली की प्लेऑफ होतो. होलजवळच्या हिरवळीवर चेंडू घरंगळत नेण्याचा फटका म्हणजे पट. बाकी तपशील ज्या प्रसंगात लागेल तेथेच द्यावा.

आता त्या पटचा प्रसंग. एप्रिल 2012, कॅलिफोर्नियातील रँचो मिराजचे मिशन हिल्स मैदान, क्राफ्ट नाबिस्को ही मेजर स्पर्धा, शेवटच्या दिवसाचा शेवटचा होल. विजेतेपदासाठी किमला साधारण एक फूट अंतराचा, म्हणजे शाळकरी फूटपट्टीएवढा पट घालायचा होता. चेंडू होलच्या कडेवर फिरला आणि बाहेर आला. एका फटक्याची आघाडी गेली, यू सन-यंगशी बरोबरी झाली, आणि प्लेऑफच्या पहिल्याच होलवर यूने बर्डी करून स्पर्धा जिंकली. विजेतीने 18 व्या होलजवळच्या तळ्यात उडी मारण्याची तेथे प्रथा होती, ती उडी यूने मारली. प्रसंग लिहिताना क्रम हाच ठेवावा: अंतर, चेंडूची वाट, बरोबरी, प्लेऑफ. तिच्या मनात त्या क्षणी काय चालले होते हे लेखकाने स्वतःच्या कल्पनेने भरू नये. ‘तिचे काळीज तुटले’ अशा वाक्याने प्रसंगात काहीच भर पडत नाही, उलट इतक्या जवळचा पटही चुकू शकतो हे ज्याला ठाऊक नाही त्या वाचकाला तो का चुकू शकतो हे सांगणे अधिक उपयोगाचे ठरते. हिरवळीला उतार असतो, गवताच्या पात्यांना कल असतो, आणि सरळ मारलेला चेंडू जोर किंचित अधिक असल्यास कडेवरून वळसा घेऊन बाहेर पडतो.

कारणे देताना हात आखडता घ्यावा. हा पट चुकला म्हणून पुढची चार वर्षे विजय मिळाला नाही, असे विधान सोपे असले तरी कोष्टक त्याला आधार देत नाही, कारण एलपीजीएतील तिचा आधीचा विजय 2010 च्या नोव्हेंबरमधील होता. म्हणजे रकाना त्या पटपूर्वीच कोरा पडू लागला होता.

यानंतर एक तुलना द्यावी, पण एकच. दक्षिण कोरियाचीच पार्क इन-बी यासाठी सर्वांत योग्य आहे, कारण किमचा जन्म जून 1988 चा आणि पार्कचा जुलै 1988 चा. 1998 मध्ये कोरिया आर्थिक संकटात असताना पाक से-रीने ब्लॅकवुल्फ रन येथे अमेरिकन महिला खुली स्पर्धा 18 होलच्या प्लेऑफनंतर आणखी दोन होल खेळून जिंकली, तेव्हा या दोघी दहा वर्षांच्या आसपास होत्या. तो विजय पाहून गोल्फकडे वळलेल्या या पिढीला पुढे से-रीची मुले असेच नाव पडले. पार्कने 2008 मध्ये 19 व्या वर्षी तीच स्पर्धा जिंकली आणि मग 2012 च्या एव्हियन मास्टर्सपर्यंत तिला एलपीजीएत विजय मिळाला नाही, तरी मधल्या काळात ती जपानमध्ये जिंकत होती. 2013 मध्ये तिने वर्षातील पहिल्या तीन मेजर स्पर्धा ओळीने जिंकल्या, आणि त्यांतील तिसऱ्या स्पर्धेत चार फटक्यांनी मागे राहून दुसरी आली ती किम. एकीचा चढ आणि दुसरीचा तथाकथित उतार एकाच रविवारी, एकाच मैदानावर भेटतात. अशी जागा कोष्टकात सापडली की तिच्याभोवती परिच्छेद बांधावा.

काही व्यावहारिक सूचना. कोरियन नावात आडनाव आधी येते आणि किम, पार्क ही आडनावे कमालीची सर्वत्र आढळतात. किम से-यंग आणि किम ह्यो-जू याही मोठ्या खेळाडू आहेत, म्हणून प्रत्येक परिच्छेदात एकदा तरी पूर्ण नाव द्यावे. कॅलिफोर्नियातील रविवारची संध्याकाळ म्हणजे गोव्यातील सोमवारची सकाळ, तेव्हा तारीख मैदानावरचीच लिहावी. स्पर्धांची नावे प्रायोजकांनुसार बदलतात (क्राफ्ट नाबिस्कोचीच आता शेवरॉन चॅम्पियनशिप झाली आहे), म्हणून त्या वर्षी असलेले नाव ठेवावे. बक्षिसाची रक्कम डॉलरमध्येच द्यावी, आजच्या दराने रुपये करून जुन्या वर्षाला चिकटवू नयेत. रकमेचा उल्लेख काही सांगत असेल तरच करावा, उदाहरणार्थ 2010 च्या लोरेना ओचोआ इन्व्हिटेशनलमध्ये मिळालेले 2,20,000 डॉलर किमने संपूर्ण दान केले.

शेवटचा भाग 2017 चा. जूनमध्ये शॉपराइट क्लासिक, जुलैमध्ये मॅरेथॉन क्लासिक आणि ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या किंग्जबार्न्स मैदानावर ब्रिटिश महिला खुली स्पर्धा, हे तिचे पहिलेच मेजर विजेतेपद. शेवटच्या दिवशी ती सहा फटक्यांच्या आघाडीने उतरली. जोडी यूअर्ट शॅडॉफने त्या दिवशी 64 फटक्यांत फेरी संपवून अंतर झपाट्याने कमी केले, तर किमने 71 फटके घेऊन दोन फटक्यांनी स्पर्धा जिंकली. 2012 च्या पटनंतर लगेच हा प्रसंग ठेवण्याचा मोह आवरावा. तसे केले तर मधले 2013 व 2014 चे प्लेऑफमधील पराभव, युरोपातील 2014 व 2016 ची विजेतेपदे आणि 2016 च्या ऑक्टोबरमधील बीजिंगचा विजय गळून पडतात, आणि वाचकाला एका चुकीची भरपाई एका दिवसात झाल्यासारखे वाटते. हे सारे टप्पे ओळीने येऊ द्यावेत आणि किंग्जबार्न्सच्या अंतिम फेरीला चार-पाच वाक्यांपेक्षा अधिक जागा देऊ नये. आघाडी सहाची दोनवर आली, एवढ्याने त्या दुपारचा ताण वाचकापर्यंत पोहोचतो.