बारीक एसी सिग्नल आणि डायोड: या चुका टाळा

"सर, डायोड खराब आलेत." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता डायोडकडे बघतच नाही, आधी सिग्नल किती आहे ते विचारतो. बहुतेक वेळा उत्तर येतं, 'असेल अर्धा व्होल्ट'. साध्या सिलिकॉन डायोडला करंट सोडायलाच 0.6-0.7 व्होल्ट लागतात, मग डायोडचा काय दोष?

मागच्या उन्हाळ्यात एक पोरगा शेतातल्या पंपासाठी ड्राय-रनचं सर्किट घेऊन आला. विहीर आटली की मोटरचा करंट उतरतो, ते ओळखून स्टार्टर पाडायचा. कल्पना चांगली. पाच एचपीची थ्री-फेज मोटर, करंट साधारण 7 अँपिअर. वायरवर 1000:1 चा सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, वायरमधला करंट हजारपट कमी करून देतो), त्याच्या टोकांना 47 ओहमचा रेझिस्टर आणि पुढे 1एन4007 डायोडचा ब्रिज (एसीचा डीसी करणारी चार डायोडची जोडणी). आता हिशेब करा. 7 मिलिअँपिअर गुणिले 47 म्हणजे 0.33 व्होल्ट, पीक 0.46. ब्रिजमध्ये करंट एका वेळी दोन डायोडमधून जातो, म्हणजे सव्वा व्होल्ट तिथेच लागतात. गंमत अशी की नुसत्या मल्टिमीटरवर त्याला काहीतरी दिसायचं, कारण मायक्रोअँपिअरभर करंटसाठी डायोड 0.7 मागत नाही, निम्म्याहून कमीत भागवतो. पुढे 10 के (10 किलोओहमचा रेझिस्टर) जोडलं की सगळं गायब. या लपंडावात त्याने तीनदा डायोड बदलले होते.

मी मोटर बंद करून 47 ओहम उचलला आणि ब्रिजच्या पलीकडे, डीसी बाजूला लावला. बस. सीटी हा करंट सोर्स आहे; त्याचा लोखंडी गाभा (कोअर) चुंबकत्वाने भरून सॅच्युरेट होत नाही तोवर डायोडला लागणारे व्होल्ट तो स्वतःच काढून देतो. 0.3 व्होल्ट डीसी मिळाले, 10 के जोडल्यावरही तेवढेच. 0.33 का नाहीत? कारण ही सरासरी आहे, आरएमएस (एसीचं परिणामी मूल्य) नाही, ते हवं तर 1.11 ने गुणा, तेही शुद्ध साइन असेल तरच.

मोटर चालू असताना सीटीची टोकं उघडी ठेवू नका. कधीच.

माइक किंवा पिकअप कॉइलसारखा सिग्नल असेल तर ही युक्ती चालत नाही. तिथे डायोड ऑप-अँपच्या (सिग्नल वाढवणारी चिप) फीडबॅक लूपमध्ये घाला, म्हणजे डायोडला लागणारे व्होल्ट ऑप-अँप भरून काढतो. 50 हर्ट्झला साधा एलएम358 पुरतो, महागड्या वेगवान चिपा मागवणाऱ्यांचं मला हसू येतं. फक्त पाच-दहा मिलिव्होल्ट थेट देऊ नका, त्याचा स्वतःचा ऑफसेटच (इनपुटवरची अंगभूत चूक) काही मिलिव्होल्ट असतो. मी आधी शंभरपट वाढवतो, मग रेक्टिफाय करतो, म्हणजे एसीचा डीसी.

कमी व्होल्टवर चालतात म्हणून जर्मेनियमचे डायोड लावून 'झालं काम' म्हणणाऱ्यांशी वाद घालत नाही. उन्हात डबा तापून लीकेज (उलट्या दिशेने गळणारा करंट) वाढलं की येतात परत.

कपलिंगला, म्हणजे सिग्नल पुढच्या टप्प्यात न्यायला, 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पुढे 10 के? कटऑफ 159 हर्ट्झ, त्याखालचा सिग्नल घटत जातो. 50 हर्ट्झचा एक तृतीयांशही पलीकडे पोचत नाही.

आणि त्या पोराने डीसी गुळगुळीत दिसावा म्हणून 10 के च्या पुढे 1000 मायक्रोफॅरडचं कपॅसिटर ठोकलं होतं. म्हणजे 10 सेकंदांचा टाइम कॉन्स्टंट (करंट उतरला तरी व्होल्ट सावकाश उतरतात), आणि तोवर पंप कोरडा फिरणार. मी 10 मायक्रोफॅरड लावलं. थोडं रिपल (डीसीवरची लहर) राहतं, राहू दे.