नोटबुकात युनिटचं गणित करताय? या चुका टाळा

फूट, मीटर अशा युनिटचा हिशेब चुकतो तो बहुतेक वेळा सूत्रामुळे नाही, तर एकच सेल (नोटबुकातला कोडचा एक चौकोन) दोनदा चालवल्यामुळे. ज्युपिटर, म्हणजे पायथॉन कोड लिहून तिथेच चालवायचं नोटबुक, वापरणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो, आणि तरी दर वर्षी कुणीतरी हेच करतं.

शेतीपंपाचा हिशेब होता. सेकंदाला 10 लिटर पाणी, 100 फूट हेड (पाणी चढवायची उंची), कार्यक्षमता 60 टक्के. नव्या मुलाने वरच्या सेलमध्ये 100 भरले आणि खालच्यात लिहिलं: हेड = हेड * 0.3048. झाले 30.48 मीटर. त्याच सेलमध्ये आलेखही होता. तो नीट दिसेना म्हणून त्याने सेल पुन्हा चालवला, आणि पुन्हा गुणाकार होऊन हेड झालं 9.29. लागणार होते 6.7 एचपी, उत्तर आलं 2. उत्तर 2000 आलं असतं तर कुणीही थांबलं असतं. पण 2 एचपी खरं वाटतं. हिशेबाला थोडी सूट ठेवून 3 एचपीचा पंप आला. विहिरीवर मोटर घूं घूं करत फिरत होती, वर पाइपाचं तोंड कोरडं ठाक.

तेव्हापासून माझ्याकडे एका नावात एकच युनिट: हेड_फूट वेगळं, हेड_मीटर वेगळं. पायथॉनला देवनागरी नावं चालतात. आणि उत्तर कुणाला देण्याआधी कर्नल (मागे कोड चालवणारा भाग) रीस्टार्ट करून सगळे सेल वरून खाली चालवायचे. घाई असली तरी.

दुसरी चूक पिंट, म्हणजे आकड्यासोबत युनिट सांभाळणारी पायथॉनची लायब्ररी, वापरणाऱ्यांची. एरर आली की .मॅग्निट्यूड लावून युनिट सोलून टाकायचं! अरे, ती एरर यावी म्हणूनच तर पिंट घेतलं. फुटातल्या हेडचं मॅग्निट्यूड 100 च येणार, 30.48 नाही. नुसता आकडाच हवा असेल तर आधी मीटरमध्ये बदला, मग काढा. 1983 मध्ये एअर कॅनडाचं विमान इंधन संपून हवेतच बंद पडलं, ते अशाच एका उघड्या आकड्यामुळे: 1.77 हे लिटरमागे पौंड होते, हिशेबात धरले किलो.

तापमानातला फरक साध्या सेल्सिअसमध्ये लिहू नका, त्यासाठी पिंटमध्ये डेल्टा सेल्सिअस आहे. युनिट रजिस्ट्री (पिंटची युनिटांची यादी) एकदाच बनवा. पिंटचा एचपी 745.7 वॉटचा, मेट्रिक एचपी 735.5 चा, पंपाच्या पाटीवर किलोवॅट असतील तर तेच घ्या.

टीएमसी (अब्ज घनफूट) पिंटमध्ये स्वतः डिफाइन करावा लागतो. तो केला की मी लगेच खडकवासला धरणाचा साठा टाकून बघतो: 1.97 टीएमसीचे 55.8 दलघमी (दशलक्ष घनमीटर) आले तरच पुढचा सेल.