परसात पटिंग ग्रीन करायचंय? मग आधी खड्डा नीट खणा

नाशकात गोल्फ क्लब म्हटलं की लोकांना सकाळचा जॉगिंग ट्रॅक नाहीतर रणजीची मॅच आठवते, त्या मैदानावर गोल्फ काही कुणी खेळत नाही. त्यामुळे घरामागे पटिंग ग्रीनसाठी, म्हणजे गोल्फचा बॉल हळूच ढकलून भोकात घालायच्या गुळगुळीत हिरवळीसाठी, फक्कीच्या रेषा मारलेल्या बघून आमच्या गवंड्याने विचारलं, "साहेब, कबड्डीचं ग्राउंड का?" मी हो म्हणून टाकलं. कोण समजावत बसणार.

खाज सुटली ती ऑगस्ट 2021 मध्ये, टोकियो ऑलिम्पिकला आपल्या गोल्फर अदिती अशोकचं मेडल एका फटक्याने हुकलं तेव्हा. तिचे लांबलांबचे पट, म्हणजे ग्रीनवरून बॉल भोकाकडे ढकलायचे फटके, बघत बसलो होतो आणि मग हिशेब केला, पार 72 च्या, म्हणजे 18 होल 72 फटक्यांत अपेक्षित असलेल्या, कोर्सवर प्रत्येक होलला दोन पट धरलेले असतात, म्हणजे 36, बरोब्बर अर्धा खेळ. आणि तो अर्धा खेळ घरी प्रॅक्टिस करता येतो, बाकीचा करायला गेलात तर शेजाऱ्यांच्या काचा फुटतील.

खऱ्या गवताच्या नादी लागू नका. कोर्सवरचं ग्रीन साधारण तीन-चार मिलिमीटरवर जवळपास रोज कापलेलं असतं, घरचा लॉन मूव्हर एवढा खाली जातच नाही. आर्टिफिशियल टर्फच घ्या, पण दुकानदार बाल्कनीसाठीचं 35-40 मिलिमीटरचं गुबगुबीत गवत गळ्यात मारेल ते घेऊ नका, त्यात बॉल रुतून बसतो. 10 ते 15 मिलिमीटरचं, दाट विणीचं, पटिंगचं टर्फ म्हणूनच मागा. रोल बहुतेक 2 मीटर किंवा 4 मीटर रुंदीचे येतात. 4 मीटर म्हणजे 13 फूट, म्हणून मी ग्रीन 12 बाय 20 चं ठेवलं, मधे जोड नको. जोड कितीही नीट चिकटवला तरी बॉलला कळतोच.

आता मुख्य भानगड, म्हणजे खालचं काम. पहिल्या वेळी मी शहाणपणा केला, वरवर गवत खरवडलं, दोन इंच वाळू पसरली, टर्फ अंथरलं, मार्चमध्ये काय मस्त दिसत होतं. आमची जमीन काळी. एप्रिलअखेर खाली भेगा पडल्या, वाळू त्यात गेली, जुलैत माती फुगली, आणि मग बॉल कुठूनही मारा, तो वळून तुळशीकडेच जायचा. आई म्हणाली, बॉल देवभक्त आहे.

दुसऱ्या वेळी सगळं उपटून 9 इंच खणलं. मुरमाची जमीन असेल तर पाच-सहा इंचात भागतं, काळी असेल तर कंजूसी नको. आकार गोलसर हवा असेल तर बागेचा पाण्याचा पाईप जमिनीवर टाकून वळवा आणि त्याच्या कडेने फक्की मारा. तळाला जिओटेक्स्टाईल कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं), वर 4 इंच मुरूम, 4 इंच बारीक खडी आणि डस्ट (दगडाची भुकटी) मिसळून, शेवटचा एक इंच नुसती डस्ट. हिशेब सोपा आहे, 240 चौरस फुटावर 4 इंच म्हणजे 80 घनफूट, ब्रास 100 घनफुटाचा, पण दाबल्यावर माल बसतो म्हणून मुरूम एक ब्रास, खडीचा माल एक ब्रास, डस्ट पाव ब्रास मागवा. दोन-दोन इंचाचे थर, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून प्लेट कॉम्पॅक्टर (थर दाबायचं यंत्र), कोपऱ्यात हाताने धुम्मस. कॉम्पॅक्टर भाड्याने मिळतो. टाच जोरात दाबली आणि खूण उमटली नाही की झालं समजा.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती ती सांगतो. काळ्या मातीत खड्डा खणून खडी भरली की ती पाण्याची टाकी होते, पावसाचं पाणी आत जातं पण बाहेर पडायला वाटच नसते. म्हणून तळालाही उतार द्या आणि खालच्या टोकाला भोकं पाडलेला पाईप टाकून तो गटाराला नाहीतर शोषखड्ड्याला जोडा. उतार घराच्या भिंतीपासून बाहेर, साधारण एक टक्का, म्हणजे 20 फुटांत अडीच इंचाला थोडा कमी. पाण्याची लेव्हल ट्यूब आणि दोरी पुरे, लेझर वगैरे लागत नाही. चढउतार वरच्या डस्टमध्ये द्या, पण गणपतीच्या डेकोरेशनसारखे डोंगर नकोत, कपाजवळ, म्हणजे बॉल पडायच्या भोकाजवळ, दोन टक्क्यांच्या वर शक्यतो जाऊ नका, बॉल उताराला लांब पळतो.

कपाचा व्यास नियमाने 4.25 इंच, म्हणजे 108 मिलिमीटर. विकत मिळतो, पण मी 110 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाईपचा सहा इंची तुकडा वापरला, तो आतून तीन-चार मिलिमीटर लहान भरतो, मग क्लबातला कप बादलीएवढा वाटतो. तुकड्याखाली फूटभर खोल खडी भरा आणि बाजूने थोडं काँक्रीट. तोंड बरोबर डस्टच्या पातळीला, वर आलं तर टर्फला टेंगूळ येतं.

टर्फ आधी दोन तास उन्हात उलगडून ठेवा, वळ्या जातात. पात्यांचा कल कुठल्या बाजूला आहे ते हात फिरवून बघा आणि मुख्य पट त्या दिशेने येईल असं अंथरा. कापताना मागच्या बाजूने. कडेला दर सहा इंचावर खिळा, पाती बाजूला सारून ठोका, नाहीतर तिथे खळगे दिसतात. कप अंगठ्याने चाचपून शोधा, मधे छोटी फुली मारा आणि हळूहळू कडेपर्यंत कापा, एकदम मोठं कापलंत तर परत जोडता येत नाही.

मग सिलिका वाळू, एकदम कोरडी, चौरस फुटाला पाऊण ते एक किलो. चाळणीने पातळ पसरायची आणि खराट्याने कलाच्या उलट झाडायची, असं तीन-चार वेळा. पहिल्या दिवशी बॉल उड्या मारतो, घाबरू नका, वाळू बसली की सरळ पळतो. वाळू जास्त तेवढं ग्रीन फास्ट.

किती फास्ट ते मोजायला ॲल्युमिनियमचं 30 इंची चॅनेल घ्या, एक टोक जमिनीवर, दुसरं सव्वादहा इंच उचललेलं, म्हणजे साधारण 20 अंश, वरून बॉल सोडा आणि खाली उतरल्यावर किती फूट गेला ते मोजा. खऱ्या स्टिंपमीटरचंच हे देशी रूप. कलाच्या दिशेने आणि उलट, दोन्हीची सरासरी काढा. आठ ते दहा फूट म्हणजे बऱ्या क्लबाच्या ग्रीनसारखं, कमी आलं तर वाळू वाढवा.

एप्रिल-मेमध्ये दुपारी अनवाणी जाऊ नका, तवा असतो. आईने तेवढ्यात त्यावर कुरडया घालायची परवानगी मागितली होती, वाळू लागेल म्हणून नाही म्हटलं, आता गच्चीवर घालते आणि वरून माझे चुकलेले पट मोजते.