आधी वहीत, मग राउटरवर

उद्यान एक्स्प्रेसने सोलापूर सोडलं तेव्हा मोबाईलला जेमतेम दोन काड्या रेंज आली. सीसीआयई या नेटवर्किंगच्या परीक्षेच्या निकालाचं पान उघडेपर्यंत कुर्डुवाडी आली. नापास. मी बार्शीचा, त्यामुळे कुर्डुवाडी म्हणजे घरचं स्टेशन. इथंच उतरावं, आईच्या हातची भाकरी खावी आणि दोन दिवस झोपून राहावं असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी हिंजवडीत सकाळची शिफ्ट होती. सव्वा लाखाच्या वर गेलेली फी, दीड वर्षाची जागरणं, आणि सगळ्यात कमी टक्के कशात, तर जिथे एकही कमांड मारायची नसते त्या डिझाइनच्या भागात.

ही २०२२ ची गोष्ट. पुढच्या वर्षी पास झालो. तेव्हापासून ऑफिसात नवीन आलेली पोरं चहाच्या टपरीवर गाठतात आणि विचारतात, "दादा, सीसीआयई करू का? पॅकेज किती वाढतं?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर कटिंग संपेपर्यंत देता येत नाही, म्हणून लिहून काढतोय.

आधी परीक्षा नेमकी काय आहे ते. सीसीआयई ही सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीची नेटवर्किंगमधली सगळ्यात वरच्या पायरीवरच्या परीक्षांपैकी एक, १९९३ पासून चालू असलेली. पास झालेल्याला एक क्रमांक मिळतो. हे क्रमांक १०२४ पासून सुरू होतात, आणि तो पहिला १०२४ कुणा माणसाला न देता खुद्द प्रयोगशाळेलाच दिला होता. दोनाचे घात मोजणाऱ्या लोकांना शोभेलसंच आहे म्हणा. २४ फेब्रुवारी २०२० ला सिस्कोने सगळी रचना बदलली. जुनं 'राउटिंग अँड स्विचिंग' गेलं, त्याच्या जागी 'एंटरप्राइज इन्फ्रास्ट्रक्चर' आलं. आता आधी 'एन्कॉर' नावाचा दोन तासांचा पेपर द्यायचा, त्याची फी ४०० डॉलर. तो सुटला की आठ तासांची लॅब, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, फी १६०० डॉलर. शिवाय कर, प्रवास, राहणं. भारतात लॅब बेंगळुरूला होते. कागदोपत्री पूर्वअट काहीच नाही, सीसीएनए ही सिस्कोची सुरुवातीची परीक्षासुद्धा लागत नाही, पण पाच-सात वर्षांचा अनुभव असावा असं सिस्को स्वतःच सुचवते. ही सूचना मनावर घ्या.

माझा प्रवास फार नागमोडी आहे. डिप्लोमा करून २०१४ साली पुण्यात आलो, कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहिलो आणि एका कंपनीच्या नॉकमध्ये रात्रपाळीला लागलो. नॉक म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणारी खोली: भिंतभर स्क्रीन आणि त्यावर हिरवे ठिपके. एखादा लाल झाला की टिकट उघडायचं, म्हणजे तक्रार नोंदवायची, आणि लिंक देणाऱ्या कंपनीला फोन लावायचा. आमचे शिफ्ट लीड टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उमेदवारी केलेले, वयाने मोठे. सगळे त्यांना काका म्हणायचे.

एका रात्री दोन राउटरमधलं ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी एकमेकांना वाटा सांगायची पद्धत, काही केल्या जुळेना. नेबर, म्हणजे समोरचा राउटर, ओळख जुळतानाच्या एक्सस्टार्ट या पायरीला अडकलेला. मी तासभर कमांडवर कमांड मारत होतो. पिंग, म्हणजे पलीकडचा उत्तर देतो का हे बघायचं चाचणीचं पॅकेट, जात होतं. शेवटी काकांना म्हटलं, "काका, पिंग तर जातंय."

"केवढं पिंग?"

"साधंच, शंभर बाइटचं."

"म्हणजे त्या रस्त्याने सायकल जाते एवढं कळलं. ट्रक जातो का बघितलंस?"

एका टोकाला एमटीयू, म्हणजे एका वेळी मावणाऱ्या पॅकेटचा सगळ्यात मोठा आकार, १५०० होता, दुसऱ्या टोकाला कुणीतरी ९००० करून ठेवला होता. ओएसपीएफ आपल्या डेटाबेसचा गोषवारा पाठवताना त्यात स्वतःचा एमटीयू लिहितो. समोरच्याला तो आपल्यापेक्षा मोठा दिसला की ते पॅकेट तो टाकून देतो. गाडी तिथेच अडते. एमटीयूकडे दुर्लक्ष कर असं सांगणारी एक कमांड आहे, मी ती मारायला निघालो होतो. काकांनी कीबोर्डवरचा माझा हात धरला. म्हणाले, "यापुढे एंटर मारायच्या आधी मला तोंडाने सांगायचं, काय दिसणार ते. सांगता येत नसेल तर मारायचं नाही."

पुढे सगळ्या तयारीत मी हेच केलं, फक्त तोंडी सांगण्याऐवजी वहीत. अप्पा बळवंत चौकातून फुलस्केप वह्यांचा गठ्ठा आणला. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे, ही कमांड मारल्यावर काय दिसेल. उजवीकडे, प्रत्यक्ष काय दिसलं. जुळलं तर पुढे. नाही जुळलं तर ती संध्याकाळ त्याच ओळीवर. सुरुवातीला एका संध्याकाळी एक पान व्हायचं नाही, आणि सोबतची पोरं चौथ्या धड्यावर पोचलेली पाहून जीव खालीवर व्हायचा.

त्यातलाच एक मुलगा मला क्लासला घेऊन गेला. नाव लिहीत नाही. बाहेर पास झालेल्यांचे फोटो, आत पहिल्याच दिवशी हातात प्रश्नांचा गठ्ठा. 'हेच येतं, हेच पाठ करा.' या गठ्ठ्यांना आपल्याकडे डंप म्हणतात. परीक्षेला बसताना प्रश्न बाहेर सांगणार नाही असा करार करावा लागतो, तेव्हा ते गठ्ठे कसे जमतात हे सांगायला नको. नीतिमत्ता क्षणभर बाजूला ठेवली तरी सांगतो: मी आता मुलाखती घेतो. डंपवाला दुसऱ्या प्रश्नाला सापडतो. 'एमटीयू जुळत नसेल तर काय होतं' याचं उत्तर तो देतो. 'मग पिंग का जातं' म्हटलं की छताकडे बघतो. क्लासचे तीस हजार मात्र माझेही गेले. परत मागितले, मिळाले नाहीत.

सरावाची लॅब घरी उभी करायची म्हणजे काय, तर सुरुवातीला काहीच विकत घेऊ नका. सीसीएनएपर्यंत पॅकेट ट्रेसर हे संगणकातच राउटर उभे करणारं सॉफ्टवेअर पुरतं आणि ते फुकट आहे. पुढे जीएनएस३ किंवा ईव्ह-एनजी. सिस्कोचं स्वतःचं मॉडेलिंग लॅब्सही आता पाच उपकरणांपर्यंत फुकट मिळतं. साधं राउटिंग १६ जीबीच्या लॅपटॉपवर छान चालतं. एसडी-वॅन, म्हणजे दूरच्या शाखांचं नेटवर्क सॉफ्टवेअरने चालवायचा भाग, आला की लॅपटॉप गुडघे टेकतो, कारण त्याचे कंट्रोलरच बहुतेक मेमरी खाऊन बसतात. तेव्हा मी भोसरीतल्या जुन्या मालाच्या दुकानातून एक रॅक सर्व्हर उचलला, १२८ जीबी रॅमचा. वन बीएचकेत तो कुठे ठेवायचा यावरून घरी जे झालं ते इथे लिहीत नाही. शेवटी तो बाल्कनीत गेला. चौथ्या दिवशी शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. "अहो, तुमचा मिक्सर बंद करायचा राहिलाय का? रात्रीपासून चालू आहे."

आणि गुरुवार! पुण्यात बाहेरून आलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. दुरुस्तीसाठी लाईट घालवायची तर गुरुवारीच घालवतात. गुरुवारी माझी सुट्टी असायची, सहा तासांची लॅब मांडून बसावं आणि साडेदहाला सगळं काळं व्हावं. दोनदा कॉन्फिग सेव्ह न करता गेलं. तिसऱ्या वेळेपासून गुरुवार मी कागदाचा दिवस केला. नकाशे काढायचे, कुठल्या राउटरवर कुठला रूट कुठून येईल ते हाताने लिहायचं, लाईट आली की पडताळायचं.

रूट कुठून येईल याचं एक उदाहरण देतो, कारण माझी तीन आठवडे झोप याने उडवली होती. दोन राउटर आहेत, अ आणि ब. दोघांवर एका बाजूला ईआयजीआरपी (ओएसपीएफसारखीच वाटा सांगायची दुसरी पद्धत), दुसऱ्या बाजूला ओएसपीएफ, आणि दोघेही इकडचे रूट तिकडे, तिकडचे इकडे देतात. ईआयजीआरपीत बाहेरून आलेला एखादा रूट आहे, त्याची विश्वासार्हता १७०. आकडा जितका लहान तितका भरवसा जास्त. अ तो रूट ओएसपीएफमध्ये टाकतो. तो फिरून ब पाशी येतो, पण आता ओएसपीएफचा म्हणून, ११० घेऊन. ब ला वाटतं हाच चांगला. मूळ सरळ वाट सोडून तो उलटी वाट धरतो, वर तोच रूट पुन्हा ईआयजीआरपीत ढकलतो. पेठेतल्या अफवेसारखं: आपणच सांगितलेली गोष्ट चार घरं फिरून परत आली की आपल्यालाही खरी वाटते. उपाय म्हणजे देताना रूटवर टॅगचा शिक्का मारायचा, आणि शिक्का दिसला की परत घ्यायचा नाही. हे पुस्तकात अर्ध्या पानात आहे. माझ्या वहीत अकरा पानं आहे.

बीजीपीसाठी, म्हणजे इंटरनेटवरची मोठी नेटवर्कं एकमेकांना वाटा सांगतात त्या पद्धतीसाठी, मी बातम्या लॅबमध्ये मांडायचो. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉम या कंपनीने देशात यूट्यूब बंद करायला म्हणून एक /२४ चा रूट टाकला आणि तो बाहेर जगभर गळला. यूट्यूबचा स्वतःचा रूट /२२ चा होता. तिरक्या रेघेनंतरचा आकडा मोठा तितका पत्ता नेमका, आणि जास्त नेमका पत्ता जिंकतो, म्हणून जगाची रहदारी तिकडे वळली. चार राउटर घेऊन हे अर्ध्या तासात घडवता येतं. घडवा, आणि मग फिल्टर लावून थांबवा. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सहाएक तास गायब झालं, तेही असंच समजून घेता येतं. देखभालीच्या एका कमांडने त्यांचा बॅकबोन, म्हणजे डेटा सेंटर जोडणारं मुख्य नेटवर्क, तुटला, मग त्यांच्या डीएनएसकडे, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरकडे, नेणारे रूट बीजीपीतून मागे घेतले गेले. तुमच्या मुलाखतीत या दोनपैकी एक विचारलं जाण्याची शक्यता मी बरीच धरतो, निदान मी तरी विचारतो.

अभ्यासक्रमाची टक्केवारी सिस्को जाहीर करते. मी देत होतो तेव्हा नेटवर्कच्या पायाभूत भागाला ३०, सॉफ्टवेअर डिफाइन्डला २५, आणि ट्रान्सपोर्ट, सुरक्षा व सेवा, ऑटोमेशन यांना प्रत्येकी १५. जुन्या वळणाचे लोक ऑटोमेशन ऑप्शनला टाकतात. टाकू नका. पायथॉन फार लागत नाही. वीस राउटरवरून एक माहिती गोळा करणारा प्रोग्राम न बघता लिहिता आला की बरंच काम झालं.

आता ते नापास होणं. लॅबचे पहिले तीन तास डिझाइनचे. समोर ईमेल, नकाशे, ग्राहकाच्या मागण्या. राउटरला हात लावायचा नाही. एक प्रश्न सोडून पुढे गेलात की मागे येता येत नाही. नंतरचे पाच तास प्रत्यक्ष उपकरणांवर, तिथे मात्र हवं तसं पुढे-मागे करता येतं. दोन्ही भागांत ठरलेली किमान पातळी गाठावी लागते, त्याखाली राहिलात तर एकाची कसर दुसऱ्यात भरून निघत नाही. मी पाच तासांची तयारी केली होती आणि तीन तासांना गृहीत धरलं होतं. तांत्रिकदृष्ट्या सुंदर उत्तरं निवडली, पण ग्राहकाने दुसऱ्या ईमेलच्या खालच्या ओळीत जे नको म्हटलं होतं तेच त्यात होतं.

परत आल्यावर काकांना फोन केला. तोवर ते निवृत्त होऊन तळेगावला राहायला गेले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गिऱ्हाइकाचं म्हणणं डावीकडे लिहिलं होतंस का?" नव्हतं लिहिलं. मग सहा महिने कंपनीतल्या जुन्या प्रकल्पांच्या मागण्यांची कागदपत्रं, मॅनेजरची परवानगी घेऊन, रोज एक वाचली. डावीकडे ग्राहकाला काय हवं, काय नको, पैसे किती. उजवीकडे आमच्या लोकांनी प्रत्यक्षात काय उभारलं. किती ठिकाणी जुळत नव्हतं हे सांगितलं तर नोकरी जाईल. दुसऱ्या वेळी डिझाइनचा भाग मला सोपा गेला आणि उपकरणांच्या भागात घाम फुटला, पण निभावलं.

पैशाचं विचाराल तर, आहे त्या कंपनीने अभिनंदनाचा ईमेल पाठवला आणि एक केक कापला. पगार वाढला तो कंपनी बदलल्यावर, खराडीला आल्यावर. फरक मोठा होता, पण तो एकट्या क्रमांकाचा नव्हता, त्यामागे नऊ वर्षांचं काम होतं. क्रमांकाने काय होतं, तर तुमचा अर्ज ढिगातून वर येतो आणि मुलाखतीत समोरचा पहिली वीस मिनिटं सीसीएनएचे प्रश्न विचारत नाही. सिस्कोचं काम करणाऱ्या भागीदार कंपन्यांत आणि मोठ्या सल्लागार कंपन्यांत याला भाव जास्त. ज्यांचं सगळं क्लाउडवर आहे तिथे बराच कमी. तिथे क्लाउडचं नेटवर्किंग येतं का हे आधी विचारतात. ज्याला नेटवर्किंग येतं त्याला ते शिकायला वेळ लागत नाही, कारण तिथेही शेवटी बीजीपीच आहे. आणि प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं. टिकवायला पुन्हा परीक्षा द्या, नाहीतर शिक्षणाचे १२० क्रेडिट जमवा. माझं ते जमवणं चालू आहे.

फ्रेशर असाल तर आत्ता सीसीएनए करा आणि नॉकमध्ये रात्रपाळी मिळाली तरी घ्या. दोन-तीन वर्षांनी एन्कॉर द्या. तो सुटला आणि जोडीला एखादा ऐच्छिक पेपर दिलात की सीसीएनपी हे मधल्या पायरीचं प्रमाणपत्र हाती येतं, म्हणजे लॅब नाही झाली तरी मधे काहीतरी पदरात पडतं. कर्ज काढून लॅबची फी भरू नका. लग्नाच्या वर्षी तारीख घेऊ नका. हे दुसरं मी स्वानुभवाने सांगतोय.

तो सर्व्हर मागच्या वर्षी चिंचवडच्या एका मुलाला दिला. पैसे घेतले नाहीत, फक्त आधी त्याची वही बघितली, मधोमध रेघ होती. त्याच्या घराखाली गिरणी आहे, त्यामुळे आवाजाची तक्रार कुणी करत नाही. गुरुवारी मात्र त्याचीही लाईट जाते.