परीक्षण लिहिण्याआधी एक दावा मुळापर्यंत तपासा

कादंबरी आणि सेल्फ-हेल्प पुस्तकाला एकच फूटपट्टी लावली की परीक्षण फसतं. कादंबरीचं त्या मानाने सोपं. शेवट फोडू नका आणि भाषेचा पोत कळावा म्हणून एक छोटा उतारा द्या. (मुखपृष्ठावर परिच्छेद खर्ची घालू नका, ते सगळ्यांना दिसतंच.)

खरी मेहनत सेल्फ-हेल्पला लागते. त्यातला एक ठाम दावा निवडा आणि तो आला कुठून ते शोधा. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हेच घ्या. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० च्या पुस्तकात लिहिलं होतं की रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला ‘किमान’ २१ दिवस लागतात. पुढे लंडनमध्ये ९६ जणांच्या अभ्यासात रोजची नवी सवय लागण्याचा काळ साधारण ६६ दिवसांचा निघाला, तोही माणसागणिक १८ ते २५४ दिवस असा. तुमच्या लेखकाने तो ‘किमान’ गाळलाय का, ते लिहा. सल्ला स्वतः करून पाहिला असेल तर किती दिवस तेही सांगा. लोकप्रिय माहितीपर पुस्तकांचं बरं असतं, शेवटची टिपांची पानं आधी चाळली की लेखकाने मूळ अभ्यास वाचलाय की नुसत्या बातम्या, ते लगेच कळतं.