१९११ पिस्तूल समजून घेताना: ठाण्यातून गनस्मिथच्या कामाकडे वळणाऱ्यांसाठी

आयटीआयची शेवटची परीक्षा देऊन मोकळी झालेली मुलं, वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये नुकती लागलेली पोरं, नेमबाजीच्या क्लबात नव्यानं येणाऱ्या मुली, सगळ्यांचा मला एकच प्रश्न असतो: "दादा, गनस्मिथचं काम शिकायचंय, सुरुवात कुठून करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. एक पिस्तूल निवडा आणि ते कागदावर पूर्ण समजून घ्या. त्यासाठी १९११ इतकं चांगलं दुसरं पिस्तूल मला माहीत नाही.

मी मूळचा फिटर. ठाण्यातच शिकलो, टूलरूममध्ये डाय आणि जिग-फिक्स्चरवर हात बसवला आणि पुढे क्लबांच्या एअर पिस्तुलांची देखभाल करू लागलो. आज त्यावरच घर चालतं. या वाटेवर मला सगळ्यात जास्त कामाला आलं ते जॉन ब्राउनिंगच्या त्या एका रचनेचं वाचन, म्हणून आधी त्याबद्दलच सविस्तर सांगतो.

ब्राउनिंग १८५५ साली अमेरिकेतल्या युटा प्रांतात, ऑग्डेन गावी जन्मला. वडील बंदुकांचेच कारागीर. अमेरिकी सैन्याला फिलिपाईन्समधल्या लढायांत .३८ रिव्हॉल्व्हर कमी पडलं, म्हणून १९०४ साली गोळ्यांच्या परिणामाच्या चाचण्या झाल्या आणि .४५ इंच व्यासाच्या गोळीचा आग्रह धरला गेला. त्या मागणीतून कोल्ट कंपनीसाठी ब्राउनिंगनं जे पिस्तूल घडवलं, ते २९ मार्च १९११ रोजी सैन्यानं स्वीकारलं. नाव त्या सालावरूनच पडलं. स्वीकारण्याआधीच्या चाचणीत प्रत्येकी ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या. प्रतिस्पर्धी सॅव्हेज कंपनीचं पिस्तूल ३७ वेळा अडलं, कोल्टचं एकदाही नाही. पुढे १९८५ मध्ये बेरेटा कंपनीचं पिस्तूल येईपर्यंत तेच अमेरिकी सैन्याचं अधिकृत पिस्तूल होतं. हत्यारांच्या जगात इतकं आयुष्य फार थोड्या रचनांना लाभतं.

आता मुद्द्याचं. पिस्तूल समजणं म्हणजे त्यातल्या हालचालींचा क्रम समजणं. कोणता भाग कोणाला धरून आहे आणि तो नेमका केव्हा सोडतो, हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडत जातं. गनस्मिथचं सगळं काम हा क्रम राखण्याचं आणि बिघडला तर कुठे बिघडला ते शोधण्याचं आहे.

१९११ मध्ये नळीच्या पाठीवर आडवे कंगोरे असतात. वरून सरकणाऱ्या स्लाइडच्या आतल्या छतात त्यांच्याच मापाचे खाचे असतात. गोळी सुटते तेव्हा कंगोरे खाचांत बसलेले असतात, म्हणून नळी आणि स्लाइड एकत्रच मागे निघतात. पहिले काही मिलिमीटर दोघं एकजीव असतात आणि तेवढ्या वेळात गोळी नळीबाहेर पडून आतला दाब उतरतो. मग नळीखालची छोटी लिंक आपलं काम करते. तिचं एक टोक नळीला, दुसरं फ्रेममधून आरपार गेलेल्या पिनला. नळी मागे सरकली की लिंक त्या पिनभोवती फिरते आणि नळीचं मागचं टोक खाली ओढते. कंगोरे खाचांतून सुटतात, नळी थांबते, स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते. जाताना एक्स्ट्रॅक्टर रिकामं काडतूस ओढून आणतो, इजेक्टर त्याला बाहेर फेकतो, काडतुसावर घाव घालणारी यंत्रणा चालवणारा हॅमर मागे दाबला जातो. परत येताना स्प्रिंगच्या जोरावर स्लाइड मॅगझिनमधलं नवं काडतूस पुढे ढकलते, नळी पुन्हा वर चढते आणि कुलूप लागतं. कुलूप पूर्ण लागेपर्यंत ट्रिगर आणि सिअर (हॅमरला अडवून धरणारा भाग) यांचा संबंध जुळत नाही, ते काम डिसकनेक्टर पाहतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे सगळं होतं आणि यातला एकही टप्पा मागेपुढे झालेला चालत नाही.

या रचनेचा इतिहासही वाचायलाच हवा, कारण त्यात एक मोठा धडा आहे. ब्राउनिंगच्या १९०० आणि १९०५ च्या पिस्तुलांत नळीखाली दोन लिंका होत्या, पुढे एक आणि मागे एक. नळी समांतर राहून खाली उतरायची. नंतर त्यानं पुढची लिंक काढून टाकली. नळीचं फक्त मागचं टोक खाली झुकू लागलं आणि पुढच्या टोकाला आधार द्यायला बुशिंग, म्हणजे नळीभोवतीचं कडं, आलं. भाग कमी झाले, मजबुती वाढली. पुढे हाय-पॉवर या पिस्तुलात लिंकच गेली. नळीखालच्या भरीव भागातच कॅमचा, म्हणजे हालचालीची दिशा वळवणारा, उतार कोरला गेला आणि तोच नळीला खाली खेचू लागला. ब्राउनिंगनं १९२६ मध्ये बेल्जियममधल्या लीएज शहरी देह ठेवला, तेव्हा हाय-पॉवर अपुरं होतं. दिउदोने सेव्ह या डिझायनरनं ते १९३५ पर्यंत तडीस नेलं. दोन लिंका, एक लिंक, मग लिंकच नाही: ही तीन चित्रं शेजारी ठेवून पाहिली तेव्हा मला मशिन डिझाइन म्हणजे काय ते खऱ्या अर्थानं उमगलं. कॉलेजच्या पुस्तकातून ते तसं कळलं नव्हतं.

हाय-पॉवरचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. पश्चिम बंगालमधल्या ईशापूर रायफल फॅक्टरीत बनणारं ९ एमएम १ए पिस्तूल ही त्याचीच भारतीय आवृत्ती. आपल्या पोलिसांच्या कमरेला तुम्ही ज्या घडणीचं पिस्तूल वर्षानुवर्षं पाहत आलात, तिचं मूळ ब्राउनिंगपर्यंत जातं.

अभ्यास कसा करायचा ते सांगतो. ब्राउनिंगचं १४ फेब्रुवारी १९११ चं अमेरिकी पेटंट, क्रमांक ९८४५१९, सगळ्यांसाठी खुलं आहे. त्यातल्या आकृत्या मोठ्या करून छापून घ्या. एकेका भागाला वेगळा रंग द्या. मग फक्त नळी, लिंक आणि स्लाइड एवढे तीन भाग जाड पुठ्ठ्यातून सपाट कापा आणि टाचणीवर फिरवून पाहा. मी असंच केलं होतं. नळीचं टोक खाली कधी येतं ते हातानं सरकवताना जे कळतं, ते शंभर व्हिडिओ पाहून कळत नाही. नंतर प्रत्येक भागासमोर दोन वाक्यं लिहा: हा कोणाला धरतो, आणि कधी सोडतो. डिसकनेक्टरपाशी बहुतेक जण अडतात. तिथे घाई करू नका.

यानंतरचा विषय मापांचा, आणि टूलरूमच्या माणसाला इथे खरा आनंद आहे. दुसऱ्या महायुद्धात १९११ए१ हे १९११ चं सुधारित पिस्तूल टाइपरायटर बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडनं बनवलं, रेल्वे सिग्नलवाल्या युनियन स्विच अँड सिग्नलनं बनवलं आणि शिलाई मशिनच्या सिंगर कंपनीनंही ५०० नग बनवले. एकाचा भाग दुसऱ्याच्या पिस्तुलात बसला पाहिजे ही अट. त्यासाठी फटी थोड्या सैल ठेवाव्या लागतात. चिखल, वाळू गेली तरी सैल पिस्तूल चालतं. पण ओहायोतल्या कॅम्प पेरीच्या स्पर्धांत नेम लावणाऱ्याला तेच सैलपण नडतं. म्हणून सैन्याचे आर्मोरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणारे कारागीर, स्पर्धेची पिस्तुलं वेगळी बसवायचे: स्लाइड आणि फ्रेममधली फट कमी, बुशिंग घट्ट, नळी दर वेळी अगदी त्याच जागी येऊन बसेल अशी. नेमकेपणा वाढवाल तर भरवशाची थोडी किंमत मोजावी लागते, हे त्रैराशिक प्रत्येक गनस्मिथला आयुष्यभर सोडवायचं असतं. एच७-जी६ फिट (भोक आणि शाफ्टमधली ठरावीक बारीक फट) म्हणजे काय हे ज्याला पाठ आहे पण कळलेलं नाही, त्यानं हा विषय जरूर वाचावा.

इथे कायद्याबद्दल स्पष्ट बोलणं माझं कर्तव्य समजतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक-पिस्तूल बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, तपासणं यातली कोणतीही गोष्ट परवान्याशिवाय करता येत नाही. नकली पिस्तुलाचं खरं करणं किंवा नळी आखूड करणं कलम ६ खाली येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्या-दुरुस्तीची शिक्षा किमान सात वर्षं, आणि जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. लेथ आपल्याकडे आहे, हात चांगला आहे, "बघू तरी" म्हणून एखादा भाग करून पाहू, हा विचार मनात आला तर तिथेच सोडून द्या. गावठी कट्ट्याच्या बातम्यांत पकडल्या जाणाऱ्यांत चांगल्या हाताची पोरं असतात, याचं मला मनापासून दुःख होतं. कोणी "फक्त एवढी पिन करून दे" म्हणत आलं तर नाही म्हणा आणि ते लगेच आपल्या साहेबांच्या कानावर घाला.

मग हातानं शिकायचं कुठे? माझा रस्ता एअर पिस्तुलाचा. १० मीटर एअर पिस्तूल हा ऑलिम्पिकचा प्रकार, ४.५ मिलिमीटरचा छर्रा, दाबलेल्या हवेवर चालणारं यंत्र. क्लबचे सदस्य व्हा, आधी नेमबाजी शिका. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात बालेवाडीला आहे. नेम न लावता पिस्तुलाची दुरुस्ती शिकू पाहणारा माणूस तक्रार समजूच शकत नाही. "ट्रिगर आज वेगळा लागतोय" असं खेळाडू म्हणते, तेव्हा तिच्या बोटाला काय जाणवलं ते तुमच्या बोटाला माहीत असावं लागतं.

स्पर्धेत १० मीटर पिस्तुलाचं वजन जास्तीत जास्त १,५०० ग्रॅम आणि ट्रिगरचा भार किमान ५०० ग्रॅम हवा. तपासणीच्या टेबलावर वजन लटकवून पाहतात, आणि ते उचललं गेलं नाही तर खेळाडू बाहेरच थांबते. टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला आणि मोलाची मिनिटं गेली. पॅरिसमध्ये तिनं पदकं मिळवली, पण टोकियोची ती मिनिटं मी प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी आठवतो. आमचं काम दिसत नाही, पण स्कोअरकार्डवर उतरतं.

शिकाऊ माणसाला क्लबात आधी साफसफाई मिळते, आणि ती मनापासून करावी. हवेच्या सिलिंडरमध्ये २०० बारचा दाब असतो आणि त्याची मुदत दहा वर्षांची असते. तारीख वाचल्याशिवाय हात लावायचा नाही. ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) बदलणं, गळती शोधणं, नेम धरायच्या साइटचे स्क्रू, ट्रिगरचा भार मोजून नोंदवणं, हे सगळं उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे आणि वरिष्ठांच्या नजरेखाली.

ठाण्यात गंज हा वेगळाच विषय आहे. खाडीची दमट हवा, त्यात जून ते सप्टेंबरचा पाऊस. घामाच्या बोटाचा ठसा स्टीलवर रात्रभर राहिला तर सकाळी तांबूस डाग दिसतो. पिस्तूल फोमच्या पेटीत ओलं बंद करू नका, फोम पाणी धरून ठेवतो. सुक्या कापडानं पुसा, तेलाचा अगदी पातळ हात द्या, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळच्या वेळी बदला. तेल जास्त झालं की धूळ धरतं, हेही लक्षात ठेवा.

नोकरीचं म्हणाल तर वाटा आहेत, पण सगळ्या मशिनिंगमधून जातात. फिटर, टर्नर, मशिनिस्ट किंवा टूल अँड डाय मेकर यातला एक ट्रेड पक्का करा. सैन्यात ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स) कोअरमध्ये शस्त्रांची देखभाल करणारे कारागीर असतात, पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मोरर असतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यातली कानपूरची ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लहान शस्त्रं बनवते, ईशापूरही तिच्याच छत्राखाली. आपल्या जिल्ह्यात अंबरनाथला आयुध कारखाने आहेत. तिथे पिस्तुलं बनत नाहीत, पण ॲप्रेंटिस म्हणून सरकारी कारखान्याची शिस्त आणि तपासणीची पद्धत शिकायला मिळते, आणि पुढे तिचं वजन पडतं. खासगीत बंगळुरूची एसएसएस डिफेन्स आणि ग्वाल्हेरची पीएलआर सिस्टिम्स आहेत. परदेशी जाण्याची ऐपत असेल तर कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाडच्या कॉलेजात १९४७ पासून हा विषय शिकवतात, आणि लीएजलाही शस्त्रकारागिरीची जुनी शाळा आहे.

मुलाखतीला जाताना तुमची १९११ ची रंगवलेली चित्रं आणि "धरतो-सोडतो" ची वही सोबत न्या. समोर बसलेला माणूस या धंद्यातला असेल तर तो आधी डिसकनेक्टरचं पान उघडेल.