पाळीव सापाला माइट्स झाले तर: साप, पेटी आणि खोली, तिन्ही एकाच दिवशी

साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसून राहतो, तोंड कशावर तरी घासतो, आणि पाणी बदलायला भांडं उचललं की तळाशी काळ्या मिरीच्या भुकटीसारखे कण दिसतात. त्यातला एक कण पांढऱ्या टिश्यूवर घ्या आणि नखाने दाबा. तांबडी रेघ उमटली, तर ते सापाचं रक्त पिऊन फुगलेले माइट्स, म्हणजे गोचिडासारखे बारीक परजीवी आहेत. नुसतं पाण्यात बसणं हा मात्र पुरावा नव्हे. पेटी जास्त तापली असेल किंवा कात टाकायची वेळ जवळ आली असेल तरी साप पाण्यात जातो. म्हणून आधी खात्री करायची आणि मगच औषधाच्या बाटलीला हात लावायचा.

पाळीव सापांवर सर्वात जास्त आढळणाऱ्या माइटचं शास्त्रीय नाव ओफिओनिसस नॅट्रिसिस. उपाशी असताना तो पिवळट-तपकिरी आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. पोटभर रक्त प्यायलेली मादी काळपट लाल होते आणि मिलिमीटरच्या थोडी पुढे जाते. ती बसते कुठे, तर डोळ्याच्या कडेला, हनुवटीखालच्या मधल्या खाचेत, अजगरांच्या ओठांवरच्या उष्णता जाणणाऱ्या खळग्यांत, शेपटीच्या बुडाशी असलेल्या छिद्राभोवती आणि पोटाकडच्या रुंद खवल्यांच्या कडेखाली. डोळ्याभोवतीची कड सुजल्यासारखी उचललेली दिसली, तर भिंग घेऊन तिथे बघा. अंगावर राखेसारखे पांढरे ठिपके दिसले तर ती माइट्सची विष्ठा. गडद रंगाच्या सापावर माइट दिसण्याआधी बऱ्याचदा हे ठिपकेच दिसतात.

पेटीच्या तळाशी पसरलेल्या ओल्या अंथरुणात फिरणारे फिकट, पांढरे बारीक जीव म्हणजे हे माइट्स नव्हेत. डिवचल्यावर उडी मारणारे स्प्रिंगटेल असतात, आणि सडक्या लाकडावर किंवा बुरशीवर जगणारे माइट्सही तिथे सापडतात. दोन्ही सापाला काही करत नाहीत. त्यांच्यासाठी सापावर औषध मारणं म्हणजे बिनकामाचा धोका पत्करणं.

एकदा साफ केलं तरी परत का येतात

माइटची मादी सापाच्या अंगावर अंडी घालत नाही. पोट भरलं की ती खाली उतरते, वर चढत जाते आणि अंधारी, दमट फट शोधते. झाकणाची खाच, हीट मॅटची (पेटीला ऊब देणाऱ्या चटईची) मागची बाजू, लाकडी ओंडक्याची भेग, पेटीच्या सांध्यातलं उखडलेलं सिलिकॉन अशा जागी ती अंडी घालते. एक मादी आयुष्यात साठ ते ऐंशी अंडी घालू शकते. नराशी संबंध आला नाही तरी अंडी पडतात आणि त्यांतून नर निघतात, म्हणजे एकटी मादीसुद्धा वसाहत उभी करू शकते.

अंड्यातून निघालेली अळी काही खात नाही. एक-दोन दिवसांत कात टाकून तिचं पहिल्या टप्प्याचं पिल्लू होतं आणि त्याला पुढे वाढायला रक्त लागतं. त्यानंतरचा टप्पा पुन्हा उपाशी, आणि मग प्रौढ. २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास साधारण १३ ते १९ दिवसांत होतो, उष्ण पेटीत त्याहून लवकर. रक्त न मिळालेलं पहिल्या टप्प्याचं पिल्लू दोन ते चार आठवडे तग धरतं. बहुतेकांचं गणित इथे चुकतं. पेटी रिकामी करून साप आठवडाभर दुसरीकडे ठेवला की माइट्स उपाशी मरतील, असं धरून चालतात, आणि तसं होत नाही. शिवाय बहुतेक औषधं अंड्यांवर नीट चालत नाहीत. एका फवारणीने जिवंत माइट्स मरतात आणि आठ-दहा दिवसांत नवी फळी बाहेर पडते. औषधाचा जोर वाढवून ही अडचण सुटत नाही. ठरलेल्या तारखेला तेच काम पुन्हा करावं लागतं.

पहिला दिवस

सुरुवात सापापासून. विषारी सापाच्या बाबतीत खालचं काहीही घरी करू नका. सापाने गेल्या दोन दिवसांत खाल्लं असेल तर थांबा, नाहीतर तो खाल्लेलं ओकून टाकेल.

गुळगुळीत भिंतींचा आणि झाकणाला भोकं असलेला प्लास्टिकचा टब घ्या. पाणी २८ ते ३० अंशांचं असावं. अंदाजाने नको, थर्मामीटरने मोजा. पाण्याची खोली सापाच्या जाडीच्या निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे त्याला पोहत राहावं लागणार नाही आणि डोकं टेकवता येईल. २० ते ३० मिनिटं पुरतात आणि तेवढा वेळ तिथून हलायचं नाही. पाण्यात साबण घालू नका. साबणाने पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि माइट्स लवकर बुडतात हे खरं, पण तेच पाणी साप पितो. बुडायला लागल्यावर माइट्स डोक्याकडे सरकतात, त्यामुळे नुसत्या आंघोळीने काम पुरं होत नाही. साप बाहेर काढून पांढऱ्या टॉवेलने पुसा. मग कापसाच्या काडीला थोडं खाद्यतेल लावून हनुवटीची खाच आणि डोळ्याची कड हलक्या हाताने पुसा. तेलाने माइटची श्वासाची छिद्रं बंद होतात. नाकपुडीत तेल जाऊ देऊ नका आणि उरलेलं टिपून घ्या. अख्ख्या सापाला तेल चोपडण्याचा सल्ला जुना आहे. त्यात फायद्यापेक्षा पसाराच जास्त होतो आणि पुढची कात तुकड्यातुकड्यांत निघते.

साप आता तात्पुरत्या टबमध्ये जाईल. आत काय असावं? तळाला पांढरे पेपर टॉवेल, एक प्लास्टिकचा डबा उलटा घालून केलेली लपण्याची जागा, पाण्याचं भांडं, आणि थर्मोस्टॅटवर चालणारी ऊब. याखेरीज काही नाही. पांढऱ्या कागदावर माइट लगेच दिसतो आणि कागद दर दोन दिवसांनी बदलता येतो. टबच्या कडांना बाहेरून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप फिरवा. तिच्यात अडकलेले ठिपके मोजले की वसाहत वाढते आहे की घटते आहे ते कळतं. टेप आत मात्र कधीच लावू नका, सापाची कातडी सोलून निघते.

साप टबमध्ये असतानाच पेटी उघडा. सगळं अंथरूण आतल्या आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा, तोंड घट्ट बांधा आणि त्याच दिवशी घराबाहेर टाका. कॉर्क, फांद्या, भेगांचं लाकूड यांचा मोह सोडावा. ठेवायचंच असेल तर ओव्हनमध्ये साधारण १०० अंशांना तासभर, लक्ष ठेवून, किंवा फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना आठवडाभर. भांडी आणि प्लास्टिकचं सामान ६० अंशांच्या पाण्यात बुडवा. ५० अंशांच्या पुढे माइट्स फार काळ टिकत नाहीत.

पेटी व्हॅक्यूम करताना नळीचं निमुळतं टोक प्रत्येक खाचेतून फिरवा आणि पिशवी लगेच फेका. त्यानंतर गरम साबणाच्या पाण्याने घासा. ब्लीच वापरणार असाल तर एक भाग ब्लीचला दहा भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवा, धुवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत वाळवा. पण ब्लीच जंतूंसाठी असतं, अंडी निघतात ती घासण्याने आणि उष्णतेने. सापाची विष्ठा आणि पांढरं मूत्र आधी पुसून काढा, त्यातल्या अमोनियाशी ब्लीच मिसळलं की घातक वायू तयार होतो. उखडलेलं सिलिकॉन खरवडून नवीन भरा आणि ते पूर्ण सुकेपर्यंत साप आत नको.

तिसरी जागा म्हणजे खोली. पेटीखालचं फडताळ, भिंतीची कड, वायरींची भोकं, शेजारची दुसरी पेटी. सापावर माइट दिसत नसला तरी एकाच खोलीतल्या सगळ्या सापांना बाधा झाली असं समजूनच चालायचं. निरोगी साप आधी हाताळायचे, बाधित सगळ्यात शेवटी. त्यानंतर कपडे बदलून गरम पाण्यात टाकायचे. माइट माणसाला चावतो आणि अंगावर खाजरे फोड येतात, पण माणसाच्या अंगावर तो वस्ती करत नाही.

औषध कुठलं आणि कुठे

सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीच बनवलेला परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा (साधारण अर्धा टक्का) रिकाम्या पेटीत वापरतात. साप बाहेर, पाण्याचं भांडं बाहेर. कंपनीने सांगितलेलं प्रमाण मोजून मारा, उघड्या हवेत पूर्ण कोरडं होऊ द्या आणि मगच साप आत ठेवा. ओला फवारा किंवा कोंडलेली वाफ यांमुळेच सापाला विषबाधा होते. साप थरथरतो, डोकं वळवून वर बघत राहतो, उलटा केला तर सरळ होऊ शकत नाही. असं काही दिसलं की कोमट पाण्याने धुवा, मोकळ्या हवेतल्या स्वच्छ टबमध्ये ठेवा आणि लगेच पशुवैद्यांना गाठा. घरात मांजर किंवा मत्स्यालय असेल तर त्या खोलीत परमेथ्रिन नकोच. मांजराला ते विषारी आहे आणि माशांना तर त्याहून जास्त. शेती किंवा गोठ्यासाठीचं परमेथ्रिन पाण्यात कालवून वापरणं हा काटकसरीचा मार्ग नव्हे, कारण त्यातली द्रावकंच सापाला मारू शकतात.

फिप्रोनिल आणि आयव्हरमेक्टिन ही औषधं सापाच्या अंगावर किंवा पोटात द्यायची की नाही आणि किती, हे सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्यांनीच वजन करून ठरवावं. फिप्रोनिलच्या फवाऱ्यात बहुधा अल्कोहोल असतं, म्हणून ते थेट मारत नाहीत, कापडावर घेऊन पुसतात. आयव्हरमेक्टिनने कासवं दगावतात. एकाच खोलीत कासव असेल तर हे औषध घरात आणण्याआधी दहादा विचार करा. पिल्लं, अशक्त साप आणि कात टाकायला आलेले साप यांच्यावर कुठलंही रसायन नको.

कुत्र्याचा गोचिडांचा पट्टा पेटीत टांगणं, डांबरगोळ्या, केरोसीन, सुगंधी तेलं यांपैकी काहीही करू नका. बंद पेटीत वाफ साठते आणि बहुतेक सापांना एकच कामाचं फुफ्फुस असतं. डायटोमेशियस अर्थची (सूक्ष्म शेवाळांच्या अवशेषांच्या मातीची) पूड पेटीच्या मागे, बाहेरच्या फटींत चालते, पण आत टाकली तर सापाच्या श्वासात जाते.

जिवंत झाडांच्या पेटीत सगळं उपसणं जमत नसेल, तर माइट्स खाणारे माइट्स सोडता येतात. स्ट्रॅटिओलेलॅप्स सायमिटस त्यासाठी विकला जातो. तो सापाला चावत नाही. काम हळू होतं, आणि परमेथ्रिनचा अंशही राहिलेल्या पेटीत तो मरतो, त्यामुळे दोन्ही एकत्र चालत नाही.

पुढचे सहा आठवडे

तारखा लिहूनच ठेवा. दर दोन-तीन दिवसांनी कागद बदला आणि टेप तपासा. आठवड्यातून दोनदा आंघोळ, त्यातही साप खायला लागला असेल तर जेवणानंतरचे दोन दिवस सोडून. दहाव्या ते चौदाव्या दिवशी पेटीची सगळी सफाई आणि फवारणी पुन्हा, त्यानंतर तेवढ्याच अंतराने तिसऱ्यांदा. दुसऱ्या फेरीच्या वेळी कागद स्वच्छ दिसतो आणि आळस येतो. ती फेरी चुकली की महिन्याने परत पहिल्या पायरीवर.

हवा कोरडी ठेवल्याने माइट्सची अंडी सुकतात, म्हणून या काळात पेटी नेहमीपेक्षा कोरडी चालते. पण दमट जंगलातल्या जातींना ते फार दिवस सोसत नाही. त्यांची ओल आंघोळीतून भागवा आणि कातडीला सुरकुत्या पडतात का बघत राहा.

साप सुस्त पडला, तोंडाचा आतला भाग फिकट पांढरा दिसू लागला, तोंड उघडून श्वास घेऊ लागला किंवा पोटाकडचे खवले लालसर झाले, तर घरचे उपाय थांबवा. सापाच्या पिल्लांना रक्तक्षय लवकर होतो आणि माइट्स एका सापाकडून दुसऱ्याकडे जंतू नेतात. ही लक्षणं बहुधा त्यातलीच असतात.

शेवटचा माइट दिसल्यापासून सलग सहा आठवडे कोरे गेले, की नेहमीचं अंथरूण परत घालायला हरकत नाही. नवीन साप आणाल तेव्हा तो तीन महिने वेगळ्या खोलीत, पांढऱ्या कागदावर. आणि या काळात पडलेली पहिली कात फेकून देऊ नका. पांढऱ्या ताटात पाण्याने ओली करून उलगडा आणि डोक्याकडचा भाग, विशेषतः डोळ्यावरची पारदर्शक टोपी आणि हनुवटीची घडी, भिंगाखाली धरा. अंगावरून निसटलेले माइट्स त्या घडीत चिकटून बसलेले सापडतात. एक जरी दिसला तरी सहा आठवड्यांची मोजणी त्या दिवसापासून नव्याने.